पाचवा कप्पा

वरची खोली जूनपासून माझं ऑफिस.
त्याआधी नऊ वर्षं ती नीटच्या पोरांची,
दर साली नवी दोन,
जिना मात्र तसाच धडधडत चढणारी.
भिंतीवर सेलोटेपची पिवळी टोकं अजून आहेत,
मधला कागद गेलेला.
नखानं खरवडलं तर रंगच निघतो भिंतीचा.

पुण्याच्या कंपनीनं सांगितलं, घरूनच करा,
आणि खुर्चीचे पैसे दिले. टेबलाचे नाही.
टेबल पोरांचंच. एका पायाखाली
सराव परीक्षेचं घडी घातलेलं पान,
ते काढलं की लॅपटॉप डुलतो.

म्हटलं, वरचं तरी देखणं असू दे.

ट्यूशन एरियात मन्मथअप्पांचं दुकान.
तिथं निळी पेनं
डझनावर नाही, किलोवर विकावीत इतकी.
"काय शोधू लालाव ताई?"
डेस्क ऑर्गनायझर, म्हणाले. जरा बऱ्या रंगात.
अप्पांनी चष्मा कपाळावर नेला.
"रंग? लातुरात रंग दोनच. निळा अन् काळा."
मग स्टुलावर चढले,
माळ्यावरून खोका काढला, फुंकला,
दोघंही खोकलो.
हैदराबादच्या कुण्या सेल्समननं चार वर्षांमागं
गळ्यात मारलेला एकच नग.
पिस्त्याचा रंग. पाच कप्पे. पितळी मूठ.
"न्या. विकायचं ध्यानातूनच गेलं होतं,
मधूनमधून नुसतं बघायचो."

पहिल्या कप्प्यात सोनेरी क्लिपा.
दुसऱ्यात कात्री, जिला घरात कुणी हात लावायचा नाही.
तिसऱ्यात फुलाफुलांची टेप, महागडी,
अजून एक इंचही फाडवली नाही.
चौथ्यात चिकट चिठ्ठ्या, पाच रंगांच्या.
पाचव्यात काय ठेवावं ते सुचेना.
फायलींवर माझ्या उत्तम अक्षरात:
पगार. जीएसटी. परत पाठवायचं.
शिवकांता काकू वर येऊन बघून गेल्या,
म्हणाल्या, रुखवत मांडल्यासारखं दिसतंय.

एप्रिल लागला. कूलर लावला.
चिठ्ठ्या एकेक करून भिंत सोडून निघाल्या.
"राठोडांना फोन" ही गुलाबी चिठ्ठी
कूलरच्या मागच्या जाळीला चिकटलेली सापडली,
तोवर राठोड नोकरी सोडून गेलेले.

त्याच दुपारी वीज गेली म्हणून
टेबलाचा तो अडलेला खण ओढत बसले.
मेणबत्ती घासली, शिव्या दिल्या, लाथ मारली.
उघडला.
आत रबरबँडनं बांधलेली जुडी, रिकाम्या रिफिलींची.
मोजल्या. एकशे अठरा.
प्रत्येकीला कागदाची बारीक पट्टी,
पट्टीवर संपल्याची तारीख.
कुणी तीन दिवस चाललेली, कुणी दोन.
दिवाळीत एक आठ दिवस.

देगलूरचा व्यंकट असेल,
नाहीतर त्याच्या आधीचा तो मुखेडचा,
रात्री दोनला आंघोळ करणारा.
त्याचं डिपॉझिट न्यायला वडील आले होते,
चहा नको म्हणाले,
बादली मात्र आठवणीनं घेऊन गेले.
मी काही विचारलं नव्हतं.

शेवटच्या रिफिलीला पट्टी नव्हती.
ती अर्धी भरलेली होती.

तळहातांत चोळली.
जुन्या बिलाच्या पाठीवर गिरगटली, कोरडी, कोरडी,
कागदाला चर पडला,
मग निळी रेघ उठली.

पाचव्या कप्प्यात आता जुडी उभी आहे.
सोमवारच्या मीटिंगमध्ये पुण्याच्या मॅडम म्हणाल्या,
काय सुंदर टेबल आहे हो तुमचं.
आणि त्या शेवटच्या कप्प्यात काय, उदबत्त्या?
हो म्हटलं,
आणि पगारपत्रक उघडलं.

अर्धी होती ती माझ्या पेनात घातलीय.
अजून चालू लालीय.