डावीकडचा दिवा

पोलिसानं काच वाजवली. म्हणाला,
आजोबा, ब्रेक मारता तेव्हा डावीकडे अंधार असतो.
मी म्हटलं, बाळा, उजवीकडे तरी उजेड आहे ना?
हसला. पावती फाडली नाही.
शुक्रवारपर्यंत, म्हणाला,
आणि डिकीतल्या चीजच्या वासापायी
नाकाला हातमोजा लावून निघून गेला.

गाडी झिगुली. भूकंपाच्या आधीची.
आमच्या ग्युमरीत वस्तूंचं वय असंच सांगतात,
आधीची की नंतरची.
पुढचा हिशेब कुणी विचारत नाही.

आधी बल्ब. काढला, कानाशी हलवला,
तार शाबूत. तरी बाजारात गेलो,
मेखाक बल्ब ठेवतो जर्दाळूच्या मुरांब्याच्या बरणीत,
त्यातला एक आणला.
नवाही जुन्याइतकाच गप्प.

मग फ्यूज. चिनीमातीचे, पांढरे, औषधाच्या गोळीएवढे,
एकेक नखानं फिरवला. हिरवट भुकटी पडली, बस.
मग पेडलच्या मुळाशी दबा धरून बसलेला स्विच,
त्याला इथले सगळे बेडूक म्हणतात.
बेडकासाठी उताणा पडलो,
डोकं क्लचखाली, बूट बाहेर बर्फात.
उजवा दिवा लागतोय म्हणजे बेडूक धडधाकट आहे
हे सुचायला दहा मिनिटं लागली.
तोवर बोटं गेली होती.

हे काम एकट्याचं नाही.
पाय इथे, उजेड तिथे,
मध्ये चार मीटर गाडी.
वार्सेनिक आली असती,
पण मंगळवारपासून आमचं बोलणं बंद आहे.
गाडी विक म्हणाली, मी काही बोललो नाही,
मग ती बरंच बोलली, मग मीही.
म्हणून तळमजल्यावरच्या पार्गेवला बोलावलं.
वय आठ. टोपी भुवयांपर्यंत.

लागला का?
नाही.
आता?
नाही. पण दुसरा लागतो.
उजवा?
नाही हो, डावीकडचाच. पिवळा. वळायचा.
थोडासाच. ताप आल्यासारखा.
अरे, मी तुला लालचं विचारतोय!
मग लालचं नाही, म्हणाला,
आणि बर्फाला लाथ मारली.

मी ब्रेकवर पाय ठेवून तसाच बसून राहिलो.
पिवळा. ताप आल्यासारखा.
म्हणजे वीज येत होती की,
परतायला तिला दार सापडेना,
म्हणून शेजाऱ्याच्या घरातून
चोरपावलांनी बाहेर पडत होती.
बल्बला वीज मिळत होती, अर्थ मिळत नव्हता.
अर्थ म्हणजे फार काही नाही,
एक काळी वायर,
डिकीच्या पत्र्याला दहाच्या बोल्टनं आवळलेली.

स्टेपनी उचलली. खालचं फाटकं कार्पेट ओढलं.
बोल्ट नव्हताच तिथे, गंजाचा एक फोड होता.
अशोत्स्कहून अठरा वर्षं चीज आणतोय,
पिंपाचं खारं पाणी दर वळणावर
थेंब थेंब इथेच सांडत आलं.
प्लॅस्टिक घाल खाली, असं कोणीतरी
अठरा वर्षं सांगत होतं.
कोण, ते पार्गेवला सांगितलं नाही.

त्याच्या आईची नखं घासायची कानस मागून आणली
(परत देण्यासारखी उरली नाही).
घासलं, घासलं, पत्रा चांदीसारखा झाला,
बोल्ट आवळला, तो करकरला, बसला.

आता मी दाबणार, पार्गेव म्हणाला.
सीटच्या कडेवर सरकून, स्टीअरिंगला लोंबकळून
त्याचा बूट कसाबसा पोचला.
मी मागे जाऊन उभा राहिलो.
इतक्या वर्षांत मी गाडीचं हे तोंड
चालू असताना पाहिलंच नव्हतं.
दोन्ही लाल. अंगणातला बर्फ,
मोडका बाक, माझी विजार, सगळं लाल.

बस, पार्गेव, पाय उचल. बॅटरी जाईल.
उचलेना.
उचल रे!
तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली,
पीठ लागलेला हात बाहेर आला,
आणि मंगळवारनंतरचं पहिलं वाक्य:
दाबू दे त्याला. तू प्लॅस्टिक न्यायला वर ये.