बर्फावर न्यायची सॅक

माझं दुकान मुस्तवेच्या धक्क्यापाशी:
गळ, दोरे, गिरमिटाची पाती, मेणबत्त्या,
आणि खिळ्यांना टांगलेल्या अकरा सॅका.
सरोवर गोठलं की गिऱ्हाईक येतं, रंग विचारतं,
किती लिटरची, विचारतं,
बाटलीला वेगळा कप्पा आहे का, हे तर हमखास.

आग्राफेना आली ती बाजारात कांदे विकून परतताना.
अर्धं उरलेलं पोतं दारातच टेकवलं,
बुटांवरचा बर्फही झटकला नाही.
"तेरेंती, सगळ्या खाली काढ."

सगळ्या?

"टांगलेली सॅक चांगलीच दिसते."

पहिली तिनं नुसती हुंगून बाजूला सारली.
दुसरीच्या तळाला अंगठा लावला, शिवण उसवून पाहिली,
कल्ला उघडून मासा पारखावा तशी.
एक आतून पांढरी होती. "रक्त दिसेल," म्हणाली.
असं करत चार उरल्या.
त्या चार तिनं बाहेर नेल्या,
त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं (माझ्या मालावर!)
आणि उणे चौदात पायरीवर ठेवून
आत येऊन चहा मागितला.

मी काहीतरी बोललो असणार.
ती बशीत चहा ओतत होती,
साखरेचा खडा दाताखाली धरून.
"भिजल्याचे पैसे देईन," एवढंच.

तासाभरानं, हातमोजे न काढता, एकेक उघडू लागली.
निळीच्या चेनची दातखीळ बसलेली.
हिरवीचा खटका कडकन तुटून तिच्या तळव्यात आला,
तो तिनं मला दिला, सुटे पैसे द्यावेत तसा.
राहिल्या दोन बक्कलवाल्या: करडी आणि मातकट.

मग कांदे.
पोत्यातले काढून करडीत भरले, मोजून:
हे नऊ म्हणजे गिरमिट. हे चार थर्मास आणि पाव.
हे मासे, दिवस बरा गेला तर.
हा एकटा लहान, गळांची डबी.
पाठीवर घेऊन ती कपाटापासून तराजूपर्यंत चालली,
सात वेळा, गुडघे किंचित वाकवून,
पायाखालचा बर्फ ऐकत चालतात तशी.

छान बसलीय, मी म्हटलं.

"बसण्याचं काय घेऊन बसलास. मोज."

छातीवरचा पट्टा, डावा खांदा, उजवा.
मी पाच म्हणेपर्यंत करडी
तिच्या कोपराला लोंबकळत होती.
कांदे मातकटमध्ये गेले.
एक, दो...
धप्प.
सॅक जमिनीवर, कांदे काउंटरखाली पळाले
आणि आग्राफेना दोन्ही हात पुढे पसरून उभी,
बोटं वाकवून,
कशाची तरी कड पकडल्यासारखी.

पुन्हा केलं. पुन्हा. मग डोळे मिटून.

मला सावेलीची पेटी आठवली.
लाकडी, हातानं केलेली, बसायला ऐसपैस,
पाठीवर घ्यायला छातीवरून आडवा दोर.
तिच्यासारखी पेटी मलाही करून दे,
असं मी त्याला दोनदा म्हटलं होतं.
त्या वर्षी बर्फ मार्चच्या आठव्या दिवशी फुटला.

"दोर भिजला की गाठ सुटत नाही,"
बक्कल पुसत ती म्हणाली,
कापडाचा भाव सांगावा अशा आवाजात.

मातकटचे पूर्ण पैसे दिले, हिरवीचेही.
निळीवरून घासाघीस झाली. ती जिंकली.
खाली वाकून मी कांदे गोळा करू लागलो तर म्हणाली,
राहू दे, तुला सूपाला होतील.
एक सापडलाच नाही. फेब्रुवारीत
कपाटामागून त्याचा पिवळट कोंब निघाला.

करडी अजून खिळ्यावर आहे, कांद्याचा वास घेऊन.

आता कोणी रंग विचारला की मी म्हणतो,
घालून दाखवू नका, काढून दाखवा.
लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा चळला.
परवा काल्लास्तेचा एक पोरगा आला, हसला नाही.
पट्टे आवळले, टोपी खिशात कोंबली
आणि म्हणाला, मोजा.