उतरलेली पट्टी

तुर्कूहून बोट पावणेनऊला सुटते
आणि साडेनऊपासून भांडी यायला लागतात.
दीड हजार माणसांची, हेरिंगच्या काट्यांसकट.

मी तेल्लेर्वो. तेवीस वर्षं या वाफेत आहे.
पलीकडे उर्वे, ताल्लिनची,
ताटं रचताना पुटपुटते, आकडे नव्हेत, दुसरंच काही.
आणि लिबान. आई मोगादिशूची,
हा इथलाच, वारिस्सुओच्या सातव्या मजल्यावरचा,
वय एकोणीस, कानात सदैव काहीतरी खुपसलेलं.

फडताळावर रेडिओ आहे.
त्याची एरियल मोडली तेव्हा मी जेवणाचा काटा खोचला,
बेटांच्या आसपास असेपर्यंत चालतो.

त्या रात्री निवेदिका म्हणाली:
सदतीस वर्षांनंतर, हल्मेच्या बहिणी. नवं गाणं.
मी नळ बंद केला.
उर्वेने यंत्रच बंद केलं, ज्याची आम्हाला परवानगी नाही.

सोळाव्या वर्षी मी त्यांच्यासारखे चंदेरी बूट केले होते,
म्हणजे रबरी बुटांना बेकिंगचा कागद चिकटवला होता.
नान्तालीच्या नाचाच्या मांडवात
पहिल्याच गाण्याला तो सोलून निघाला.
एका मुलाने तुकडे गोळा करून दिले.
त्या मुलाशी पुढे लग्न केलं, पुढे मोडलं,
तो मुद्दा नाही.

उर्वेचा बाप रात्री माळ्यावर चढून
एरियल आमच्या किनाऱ्याकडे वळवायचा, पहाटे परत फिरवायचा.
ती इथे आली तेव्हा तिला फिनिशमध्ये पाव मागता येत नव्हता,
पण ‘परत फिर, दिवा चालू ठेवलाय’
हे बिनचूक म्हणता येत होतं.

तर गाणं.
पहिल्या ओळीलाच कळलं, पट्टी उतरवलीय.
चांगली दीड-दोन सूर.
थोरली ज्या जागी पूर्वी चढून जायची
तिथे आता जिन्याखालीच थांबते,
कठड्यावर हात ठेवून वर बघते फक्त.
पेपरातल्या माणसाने लिहिलं, आवाज बसलाय.
बसू दे की.
एवढं चालून आल्यावर कोणीही बसेल.

आणि मधली नाही.
मधली ओर्वोक्की वर कित्तिलाला राहते,
अठरा कुत्री पाळते, येणार नाही म्हणाली.
भांडण म्हणे एका ड्रेसवरून झालं होतं,
किंवा ढोलकीवाल्यावरून, नक्की कोणालाच माहीत नाही.
तिच्या जागी दुसरी घेता आली असती.
घेतली नाही.
धृपदात जिथे तिचा आवाज यायचा
तिथे दोन मात्रा तशाच मोकळ्या सोडल्यात.
नुसती गिटारची तार, आणि कोणाचा तरी श्वास.

मी त्या दोन मात्रांत शिरले, विचार न करता.
उर्वेही शिरली, तिच्या त्या ताल्लिनच्या हेलात.
आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं नाही.
शेफ गुन्वोर दारातून ओरडली, यंत्र का बंद आहे?
मग तीही थांबली, हातात पळी,
आणि दुसऱ्या धृपदाला स्वीडिशमध्ये काहीतरी भलतंच म्हणाली.

गाणं संपलं, खरखर सुरू झाली,
तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.
इथे दुसरीकडे कुठे पडणार म्हणा.
भीती होती, वाईट असेल.
वाईट नव्हतं. थोर होतं असंही नाही.
पेपरातल्या माणसाचं अर्धं बरोबर आहे,
कीबोर्ड जुना आहे, शब्द त्याहून जुने.

लिबानने कानातलं काढलं होतं.
कोण आहेत या? त्याने विचारलं.
आम्ही दोघी एकदम बोलू लागलो, त्याला काहीच समजलं नाही.

हे गेल्या मंगळवारी.
काल पहाटे स्टॉकहोम दिसायला लागलं,
तो शेवटची पातेली उपडी घालत होता, पाठमोरा,
आणि त्याच त्या दोन मोकळ्या मात्रांत
‘दिवा’ऐवजी ‘होडी’ म्हणत होता.
शब्द चुकला, सूर लागला होता.

मी दुरुस्त केलं नाही.
कित्तिलाला त्या वेळी कुत्र्यांना खायला घालतात म्हणे.
अठरा कुत्र्यांच्या गोंगाटात
रेडिओ ऐकू येतो की नाही, ठाऊक नाही.