आठवा मासा

दिवाडी बेटावर मी चार मानशी मोजल्या.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरती आली की आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडतं, आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात
रात्री अडीच वाजता
शेवटे येऊन पडतात, चकचकीत, चिडलेले.

प्रत्येक दाराचे पंधरा.
बॅटरी दातांत, पट्टी हातात,
वही ओली. पेन्सिल बरी.

चारही सरासऱ्या चौदा सेंटिमीटरच्या आसपास.
प्रभुदेसाई सरांनी फोनवर जांभई दिली:
"मग दारं सारखीच की. लिहून टाक."

मला लिहवेना.
चौथ्या टोपलीत बोटाएवढी पोरं होती
आणि कोपराकडे निघालेले दोन बाप्ये.
त्यांनी एकमेकांचं उणंअधिक फेडून
सभ्य चौदा करून ठेवले होते.

इनास म्हणाला, "हें कशें मोजतलें गो तूं?"

मासे फळीवर ओळीने मांडले,
लहानापासून थोरापर्यंत,
शाळेच्या फोटोसारखे.
आठवा, तो त्या घरचा मध्य.
आता प्रत्येकाने सांगायचं,
आठव्यापासून तू किती लांब.
मोठा की छोटा, ते विचारत नाही.
उणे चिन्ह दाराबाहेर काढून ये.
अंतर तेवढं दे.

मग मासे विसरायचे.
अंतरांचीच सरासरी, चार दारांच्या चार,
शेजारी शेजारी उभ्या करायच्या.
(दुसरी एक जुनी चाचणी आहे, पण फार मानी.
आकडे घंटेच्या आकारात बसले नाहीत
की उगीच ओरडते.
आणि मासे कुठले नीट बसायला.)

दोन. दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक आठ.
पाच.

मोबाइलने हिशेब केला:
चारही दारांतलं पसरणं एकच असतं
तर निव्वळ योगायोगाने
एवढी तफावत हजारात सातदा दिसली असती.
सातदा म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.
आणि कुठलं दार, हेही ती सांगत नाही,
एवढंच, की सगळी सारखी नसावीत.

इनास काही न बोलता उठला.
चौथ्या झडपेखाली हात घातला.
खालची फळी कुजलेली,
मनगट आरपार गेलं.
भरतीला मांडवी आत येत होती, न विचारता,
लहानथोर सगळं घेऊन.
"सरासरेक हें दिसलेंच ना," तो म्हणाला,
आणि हात लुंगीला पुसला.

उजाडताना टोपल्या भरल्या.
आठवा त्याने बाजूला काढला.
"ह्याचें अंतर कितलें म्हणलेंस?"
"शून्य."
"मग हो फुकट. व्हर."

साडेसहाच्या फेरीत तो माझ्या मांडीवर,
वर्तमानपत्रात, कागद भिजवत.
दोघांनी विचारलं, केवढा मिळाला?
मी दोघांना हात पसरून दाखवलं.
दोन्ही वेळा हात
सारखे पसरले नाहीत.