टिंब

झोम्बाची नर्सिंग शाळा, खोली नंबर तीन.
बेचाळीस डोकी वहीवर वाकलेली.
मी बोलते, आणि पेनं धावतात
मागे कुत्रं लागल्यासारखी.

मी खोकले, यामिकानीने तिथे स्वल्पविराम दिला.
खिडकीत माकड आलं, मी म्हटलं, "हाकला त्याला आधी",
तर म्फात्सोच्या वहीत,
'रुग्ण दाखल करताना' या मथळ्याखाली,
चौथ्या क्रमांकावर:
माकड हाकलणे.

पण वह्या देखण्या.
लाल रेघा, हिरव्या रेघा.
थोकोझानीचं अक्षर तर असं
की चर्चच्या दारावर लावावं.
मी सही करत जायचे
आणि मनात म्हणायचे, वर्ग शिकतोय.

एक लिंबानी म्क्वांदा सोडून.
त्याचं पान अर्धं कोरं,
डावीकडे चार बोटं समास,
मजकूर म्हणजे दुबार पेरलेला मका,
इथे एक रोप, तिथे एक.
मी सगळ्यांसमोर वही उंच धरली होती:
"कागद फुकट येतो का तुझ्याकडे?"
"नाही मॅडम. मामा मासे विकून पाठवतो."
वर्ग हसला.
मीही, थोडी.

शुक्रवारी वह्या घरी आणल्या.
वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात मात्रेचं गणित,
मंगळवारी मीच फळ्यावर सोडवलेलं:
बाळाचं वजन, बाटलीवरचा आकडा, भागाकार.
उत्तर, मिलिलिटर पंचवीस.

थांबले.
पुन्हा भागून पाहिलं, बोटांवर.
अडीच हवं.

दुसरी वही. पंचवीस.
तिसरी. पंचवीस, हिरव्या चौकटीत.
टिंब फळ्यावर द्यायचं राहिलं होतं माझ्याच हातून,
आणि एक्केचाळीस जणांनी माझी चूक
पट्टीने अधोरेखित करून जपली होती.

लिंबानीची वही तळाशी होती.
त्यातही पंचवीसच.
पण समासात, पेन्सिलीने, खोडून पुन्हा काढलेलं
एक प्रश्नचिन्ह,
आणि खाली: एवढंसं बाळ, एवढी सिरिंज?

मग आठवलं.
मंगळवारी त्याने हात वर केला होता.
मी म्हटलं होतं,
"आधी उतरवून घे. शंका नंतर."

झोप कसली.
पहाटे पायरीवर बसले तर
शेजारच्या माई एन्खोमांची कोंबडी अंगणात.
वाळू, कोंडा, खडे, आणि मधेच कुठे मका.
ती मान तिरकी करायची, थांबायची,
मग चोच.
थांबणंच जास्त.
वीस वर्षं मी मुलांना सांगतेय, टिपून घ्या, टिपून घ्या,
आणि ती मात्र टिपत होती.

सोमवारी म्हटलं, "पेनं खाली ठेवा."
वर्गात अशी शांतता पसरली
जशी कुणी गेल्याची बातमी आल्यावर.
"मी बोलेन तोवर हात मांडीवर.
मग मी गप्प बसेन, तेव्हा लिहा.
ऐकलंत ते नको, कळलं ते.
अडलं ते डावीकडे, समासात.
सुटलं ते संध्याकाळी शेजारणीला विचारून,
तिचंही सुटलेलं असेल तर दोघी मिळून माझ्या दारात या."

यामिकानीच्या तीनच ओळी झाल्या.
ती डोळे टिपत म्हणाली, "बाकीचं सांडलं, मॅडम."
तिला काय सांगू,
माझ्या स्वतःच्या टाचणवहीला
समासच नाही पहिल्या पानापासून.

मग फळ्यावर पुन्हा तेच गणित लिहिलं,
तेच चुकलेलं उत्तर,
आणि खडू लिंबानीच्या हातात दिला.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
ही शिक्षा आहे की काय, अशा नजरेने.
मग दोन आणि पाचच्या मधे
इतकंसं टिंब दिलं
की मागच्या बाकांना दिसेना.

"ठळक कर," मी म्हटलं.

त्याने असा जोर लावला
की खडू मोडला.