हातचा एक

करवत दोघांची असते.
एका मुठीला अदमासू, दुसऱ्या मुठीला मी.
मी ओढली की दात माझ्याकडे यायचे,
त्यानं ओढली की त्याच्याकडे,
आणि मधे भुसा पडायचा, ओला, कॉफीच्या वासाचा.
त्या बुंध्याशी बायका चाळीस वर्षं
कॉफीची पहिली वाटी ओतत आल्या होत्या.

अब्बा किनफे रविवारी म्हणाले होते,
"लोणी खोडाला फासता आणि साकडं देवाला घालता?
ज्यांना ज्यांना दोरे बांधलेत, ती सगळी झाडं पाडा."
सगळी, म्हणाले.
मी मोजली होती. आठ.

अदमासू उठला. पांढरी नेतेला खांद्यावर सारखी केली,
देवळाच्या उंबऱ्याला तीनदा ओठ टेकवले,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला,
"चल. देवाचं काम उद्यावर टाकू नये."
पंचावन्न दिवसांचा कडक उपास,
दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही,
तरी त्याचा हात माझ्याहून जोरात चालायचा.
ते ढोंग नव्हतं. घाम खरा होता.
फक्त ट्रक शनिवारीच बोलावलेला होता.

एनानूच्या बांधावरचा वर्का तीन दिवस पडेना.
त्याच्या मुळाशी झरा, झऱ्यापुढं अदमासूचं शेत.
म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत.
म्हणाली, धागे तेवढे सोडवू दे.
एकेक गाठ दातानं सोडवत बसली:
हा सुदानला गेलेल्या पोराचा,
हा गाईच्या कासेचा,
हा कशाचा ते आठवत नाही, पण मीच बांधलेला.
सगळे तिनं कणसाच्या बुरकुंड्याला गुंडाळले,
पदरात घातले, आणि आमच्याकडं पाठ करून बसली.
झाड पडलं तेव्हाही वळली नाही.

सात पाडली.
आठवं त्याच्या गिरणीपाशी.
दळणाला थांबलेली माणसं त्याच्या ढोलीत नाणी टाकतात.
ढोलीला पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप,
आणि किल्ली अदमासूच्या गळ्यात,
क्रुसाच्याच दोऱ्यात.

"हे राहू दे," तो म्हणाला. "सावलीचं आहे."

मला बेरीज त्याच देवळाच्या ओट्यावर शिकवली होती.
आठ आणि सात पंधरा.
पाच मांडा, हातचा एक.
हातचा विसरलास तर अख्खा हिशेब खोटा,
असं म्हणून मेरिगेता कान पिळायचे.

मी वीज पडायची वाट पाहिली. खोटं कशाला बोलू.
वीज पडली नाही.
झऱ्याचं पाणी अदमासूच्या तेफला मिळालं,
गिरणीला दुसरं जातं आलं,
मोठा मुलगा बाहिरदारला शिकतो, धाकटा शिकेल.
देव कुणाची मजुरी बुडवत नाही.

भीती वाटते ती इथंच.
सातव्या दिवशी संध्याकाळी अदमासूनं मला पैसे दिले,
वर एक फळी दिली,
आणि वहीत माझा अंगठा घेतला: चुकते.
म्हणजे आता त्यानं मला काही देणं नाही,
आणि मी त्याच्या दारात उभा राहिलो
तर तो विचारणार, कोण पाहिजे?

त्यालाही असंच कुणी मोजून दिलं असेल.
झरा, जातं, दोन मुलगे.
अंगठा घेतला असेल, वही मिटली असेल.
तो अजून रोज पहाटे देवळात जातो,
सगळ्यांत पुढं उभा राहतो, काठीवर हनुवटी टेकून.
मागून बघताना मला तो
पैसे घेऊन झाल्यावरही दारात रेंगाळणारा गडी वाटतो.

आणि मी?
ती फळी माझ्या दाराला आहे.
पावसात फुगते, लागत नाही,
रात्री खांदा देऊन ढकलावी लागते.
ढकलताना लाकडाला अजून कॉफीचा वास येतो.

हातचा मी विसरलो नव्हतो, मेरिगेता.
करवतीच्या प्रत्येक ओढीला तो मला आठवत होता.
मी तो मोठ्यानं म्हटला नाही, एवढंच.