शून्य कुठे धरायचं

रायनर म्हणाला, अठ्ठावीसशे.
मी म्हटलं, काच तडकलीय.
तो म्हणाला, काच नाही, वरचा पापुद्रा.
स्वाकोपमुंडच्या धावपट्टीवरून
दहा वाजेपर्यंत समुद्राचं धुकं हलत नाही.
विमान झाकलेलं, पर्यटक कॉफी पीत बसलेले,
आणि आम्ही दोघं पॅकिंगच्या टेबलाशी
मनगटावर बांधायच्या एका डबीवरून
घासाघीस करत.

माझे वडील बैल घेताना आधी दात बघत, मग खूर,
मग मालकाचा चेहरा.
मी बॅटरीचं झाकण बघितलं :
चारातला एक स्क्रू चष्म्याचा.
मधलं बटण दाबलं की कुरकुरायचं.
या वाळवंटात वाळू शिरत नाही अशी जागा नाही,
पावात शिरते, झिपेत शिरते, झोपेत दाढांखाली येते.
पट्टा त्याच्या घामानं ताठ झालेला,
त्याचं भोक माझ्या भोकापासून तीन भोकं पलीकडे.

पाच वर्षं मी इथे पॅराशूटच्या घड्या घालते.
मोजणी घडीवर. माझ्या स्वतःच्या उड्या बावीस,
बावीसच्या बावीस उसन्या यंत्रावर.
नव्याच्या किमतीत ओशाकातीला
आईच्या घरावर पत्रे चढतील.

किती टिकेल? मी विचारलं.
पाण्यात पडलंय, म्हणाला. ट्रकखाली आलंय एकदा.
मी आतली वही उघडली.
एकोणीसशे सहा उड्या.
शेवटची बघितली.
छत्री उघडली : तीनशे दहा मीटर.

आकडा त्याच्यापुढे धरला.
तो धुक्याकडे बघत होता.
"यंत्र बरोबर होतं."
मग बऱ्याच वेळानं,
"मीच बघितलं नाही."

बावीसशेला दिलं. नोटा मोजल्याही नाहीत.

रविवारी ते बांधून व्हिंटहुकच्या कॉम्बीत बसले.
साडेतीनशे किलोमीटर, सोळाशे मीटर चढ,
म्हटलं यंत्राची परीक्षा फुकटात होईल.
उसाकोस गेलं : शून्य.
कारिबिब गेलं : शून्य.
शेजारी शिंगांसारखा फेटा बांधलेली हेरेरो बाई,
तिनं वाकून बघितलं. घड्याळ?
नाही, उंची दाखवतं.
मग बंद पडलंय तुझं, म्हणाली, आणि मला केळं दिलं.

बंद नव्हतं. नंतर फेस्टसनं सांगितलं, आमच्या पायलटनं :
दाब सावकाश उतरला की त्याला वाटतं हवा पालटली,
गुपचूप शून्य उचलतं आणि नव्या जागी ठेवतं.
झपकन वर गेलात, तरच ती उंची.
मला रागच आला.
हळू चढणाऱ्यांची त्याच्याकडे नोंदच नाही.
चटईवर गुडघे टेकून पाच वर्षं मी जी चढले
ती सगळी त्याच्या लेखी
हवामान.

बुधवारी धुकं लवकर फाटलं.
डाव्या हाताला रायनरचं, उजव्याला फेस्टसचं,
दोन हातांत दोन साक्षीदार घेऊन दारात बसले.
तीन हजार दहा. तीन हजार वीस.
दहा मीटरचं भांडण आम्ही चालवून घेतलं.
खाली एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळू,
मधे रस्त्याचा दोरा.
पडताना मी एवढ्यांदा बघितलं डाव्या मनगटाकडे
की बाकी काही आठवत नाही.
हजार चारशे. बघितलं.
हजार तीनशे. बघितलं.
हजार दोनशेला ओढलं.

उतरले तेव्हा रायनर कुंपणापाशी उभा होता,
एका पायावर भार देऊन.
काही बोलला नाही. हात पुढे केला,
माझं मनगट वळवून आकडा वाचला,
आणि पट्टा आणखी एक भोक घट्ट केला.

रात्री यंत्रानं विचारलं, जुन्या नोंदी पुसू का?
हो, नाही.
मी नाही दाबलं.
माझी तेविसावी त्यात
एकोणीसशे सातवी म्हणून पडून आहे.
मधलं बटण परत कुरकुरायला लागलंय.
ब्रश कुठे ठेवलाय कोण जाणे.